झरीच्या कॅसेटमधलं गिटार

आवाजावरून गिटार ओळखायच्या नादात माणसं एकमेकांची अक्कल काढतात, हे ज्यांना खरं वाटत नाही त्यांनी परभणीला भैयाच्या दुकानात जाऊन बसावं. दुकान मोटार वाइंडिंगचं. दारात जळालेल्या मोटारी पडलेल्या असतात, पिकाला पाणी द्यायचं म्हणून शेतकरी कावलेले असतात, आणि हा माणूस कानाला हेडफोन लावून कुठल्यातरी जुन्यापान्या इंग्रजी गाण्याचा एकच तुकडा परत परत मागं घेऊन ऐकत असतो. मोबाइलवर देशोदेशीच्या वेड्यांचा एक ग्रुप आहे. जुन्या रॉकच्या रेकॉर्डवर नेमकं कोणतं इलेक्ट्रिक गिटार वाजलंय, यावर ते सगळे हुज्जत घालतात. समोरचा म्हणतो, फोटोत वाजवणाऱ्याच्या गळ्यात अमुक गिटार आहे, म्हणजे रेकॉर्डवरही तेच. भैयाचं म्हणणं, फोटो स्टेजवरचा, रेकॉर्डिंग बंद खोलीतलं. तिथं त्यानं दुसऱ्याचं उसनं घेऊन वाजवलं नसेल कशावरून? हे सगळं तो मराठीत बोलतो, मोबाइल त्याचं इंग्रजी करतो, आणि पलीकडच्यांना त्यातलं काय कळतं ते त्यांनाच ठाऊक. एकदा एका म्हाताऱ्या वादकानं स्वतःच मुलाखतीत सांगितलं की ते गिटार भैया म्हणतो ते नव्हतं. त्या दिवशी भैयानं दुकान बंद ठेवलं. "म्हाताऱ्याला आठवत न्हाई," असं मला फोन करून सांगितलं.

भैया माझा सख्खा भाऊ नव्हे. माझ्या दादाचा दोस्त. दादा जाऊन आता इतकी वर्षं झाली की आमच्या घरात एक मुलगा होता हे गल्लीतल्या नव्या सुनांना ठाऊकही नाही. मी त्याची धाकटी बहीण. जिंतूरला शाळेत शिकवते, झरीहून एस.टी.नं जाऊन-येऊन करते. घरी मी आणि माय, दोघीच.

हा नाद घरात आणला दादानं. तो शिकायला औरंगाबादला होता. शिक्षण अर्धवट टाकून परत आला तेव्हा पिशवीत कपडे कमी आणि कॅसेटी जास्त होत्या. कुठल्यातरी दुकानातून भरून घेतलेल्या कोऱ्या कॅसेटी. वर नुसतं 'इंग्रजी एक', 'इंग्रजी दोन' असं लिहिलेलं. कोण गातंय, कोण वाजवतंय, कशाचाच पत्ता नाही. शब्द तर एकाला कळत असतील तर शपथ. मग ऐकायचं काय, तर गिटार. त्या गिटारांची खरी नावं आम्हाला कोण सांगणार? दादानं आणि भैयानं आपलीच नावं ठेवली. बारीक, धारदार, कानात घुसणाऱ्या आवाजाचं ते टिटवी. जाडजूड, भरल्या गळ्याचं ते म्हैस. मी अंगणात ज्वारी निवडत बसलेली असायची आणि दादा मधेच ओरडायचा, "सांग, टिटवी का म्हैस?" मी हातातलं न थांबवता सांगायची. माझं बहुतेक बरोबर यायचं. भैयाचं चुकायचं आणि तो तणतणत चहा न घेता जायचा.

नुसतं ऐकून भागेना तेव्हा दोघांनी गिटारं तयार केली. विकत घ्यायची ऐपत कुणाची होती? सागवानाच्या जुन्या दाराची फळी सुताराकडून कापून घेतली. फुटक्या स्पीकरची लोहचुंबकं काढली. भैया तेव्हा त्याच्या मामाच्या वाइंडिंगच्या दुकानात शिकत होता. जुन्या मीटरमधली केसापेक्षा बारीक तार सोडवून त्यानं त्या चुंबकांवर कॉइली गुंडाळल्या. गिटारच्या तारा हलल्या की त्या कॉइलीत आवाज धरला जायचा. पहिलं केलं ते एका कॉइलीचं, ते दादानं घेतलं. ते टिटवी. दुसऱ्याला भैयानं दोन कॉइली उलटसुलट गुंडाळून बसवल्या. ते म्हैस निघालं. भैया म्हणाला, दे, तुझ्यातबी दोन बसवतो. दादा म्हणाला, "न्हाई, मला टिटवीच बरी."

मग दोघं जयंतीच्या गायन पार्टीत वाजवायला लागले. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत गावोगाव कार्यक्रम असायचे. आज वालूर, उद्या जिंतूरकडचं एखादं खेडं. ढोलकी, पेटी आणि ही दोन दारापासून केलेली गिटारं. पार्टीतले म्हातारे गायक आधी म्हणाले, हे पत्र्यावर खडे पडल्यासारखं काय वाजायलंय, बंद करा. पण पोरं स्टेजसमोर येऊन नाचायला लागली तसे तेच म्हणाले, जरा जोरात वाजवा. इंग्रजी कॅसेटीतून उचललेल्या जागा ही दोघं बिनदिक्कत जयंतीच्या गाण्यात घालायची. त्या सात समुद्रापलीकडच्या वादकांना झरीच्या बौद्धवाड्यात आपलं काय चाललंय हे कळलं असतं तर बरं वाटलं असतं, असं मला आजही वाटतं.

एका वर्षी आमच्याच गावात कार्यक्रम झाला. मी आणि माय बायकांत पार मागं बसलो होतो, स्टेजवर कोण काय वाजवतंय ते दिसत नव्हतं. मंडपवाल्यानं तो टेप केला आणि एक कॅसेट दादाला दिली. त्याच पावसाळ्यात दादाला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग परभणी, मग काही उपयोग नाही. जाताना तो इतका पिवळा आणि इतका हलका झाला होता की मायनं एकटीनं त्याला उचलून कुशीवर वळवलं. त्याबद्दल मी यापेक्षा जास्त लिहू शकत नाही.

त्याचा एकच फोटो राहिला, तोही शाळेतला, गटात. आणि ती कॅसेट. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला एका गाण्यात मधे गिटारचा लांब तुकडा आहे. ढोलकी खाली बसते आणि गिटार एकटंच वर चढत जातं, गावातली पोरं शिट्ट्या मारतात. तो तुकडा म्हणजे आमच्या घरात दादा. दिवस मावळायच्या आधी भाकरी थापायला बसायच्या वेळी माय टेप लावायची आणि त्या तुकड्याला हात थांबवायची. तव्यावरची भाकरी करपली तरी चालायची. टेपचा पट्टा तुटला तर रबर लावलं, बटण मोडलं तर काडी घातली. मी लग्न केलं नाही याची गावाला वेगवेगळी कारणं ठाऊक आहेत. त्यातलं एक खरं कारण म्हणजे मायला आणि त्या टेपला सोडून जाणं मला जमलं नाही.

गेल्या वर्षी कॅसेट रडायला लागली. आवाज लांबायचा, मधेच दबायचा, फीत रिळाला चिकटायची. माय घाबरली. मला म्हणाली, "भैयाकडं दे. त्यालाच जमंल. मोबाइलमधी घालून देईल त्यो."

भैयानं ती कॅसेट कधीच ऐकली नव्हती. दरवर्षी दादाच्या स्मृतिदिनाला तो यायचा, वंदनेला बसायचा, जेवायचा, आणि मायनं टेपला हात लावला की मोटारसायकलची किल्ली शोधत बाहेर जायचा. "मला ऐकवत न्हाई, माय," म्हणायचा. कॅसेट हातात देताना मला त्याचीच काळजी होती. म्हटलं, तुमी ऐकू नका, नुसती भरून द्या. तो म्हणाला, न ऐकता कशी साफ करू?

नंतर बरेच दिवस त्याचा फोन नाही. केला तर म्हणायचा, करायलोय, तार खराब हाय, फीत खराब हाय. शेवटी मीच शाळा सुटल्यावर परभणीला गेले. त्यानं शटर अर्धं खाली ओढलं, मला स्टुलावर बसवलं, हेडफोन दिला आणि इतक्या वर्षांनी तेच विचारलं, "सांग. कोणतं हाय?"

तो तुकडा मी हजारदा ऐकला असेल. पण तो आवाज दादाचा आहे, एवढंच मनात धरून ऐकला होता. कोणतं गिटार, असं कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. मेलेल्या भावाची परीक्षा कोण घेतं? आमच्या त्या रडक्या टेपवर तर सगळंच जाड ऐकू यायचं. भैयानं साफ केलेल्या आवाजात पहिल्या चार सुरांतच मला कळलं. भरल्या गळ्याचं, जाडजूड. म्हैस होतं ते.

"तुमचं हाय," मी म्हणाले.

"मपलंच हाय. मीच गुंडाळलेल्या कॉइली मला कळंनात व्हय?" तो खाली बघत म्हणाला. "बाई, मलाबी इतकी वर्षं वाटायचं की त्यानंच वाजवलंय. ऐकल्यावर आठवलं. त्या दिवशी त्यो म्हणला, आपलं गाव हाय, सगळे मलाच बघत्यात, मला लाज वाटायलीय, तू वाजव."

मी म्हटलं, ग्रुपवर तर तुम्हीच सांगता की उसनं गिटार घेऊनही वाजवतात. तुमचं गिटार दादानं घेतलं नसेल कशावरून? त्यानं मान हलवली. म्हणाला, हात माझाच आहे, त्या वरच्या जागेला मी घाई करायचो, आजही करतो. मला त्याचा असा राग आला की हेडफोन त्याच्या अंगावर टाकावा. कशाला ऐकवलं? भरून द्यायची आणि गप्प बसायचं. मायला यातलं एक अक्षर कळता कामा नये, असं मी त्याला बजावलं. त्यानं हो म्हटलं. गिटारच्या बाबतीत हा माणूस खोटं बोलू शकत नाही हे मला माहीत होतं. तरी मी त्याच्या हो वर विश्वास ठेवला.

स्मृतिदिनाला घरात भावकी जमली. वंदना झाली, पंगत उठली. मायनं कौतुकानं सगळ्यांना मोबाइल दाखवला आणि मला तो तुकडा लावायला सांगितला. या वेळी भैया बाहेर गेला नाही. मायनं त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं होतं. गिटार वर चढत गेलं. लोक माना डोलवायला लागले. आणि माय भैयाला म्हणाली, "तू सांग ह्यान्ला. तुला लय कळतंय गिटारीतलं. मपलं लेकरू कसं वाजवायचं, सांग."

मी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते. तो कुणाकडंच बघत नव्हता. नुसतं 'चांगलं वाजवायचा' म्हटलं असतं तरी भागलं असतं. तेही खोटं नव्हतं. पण मोबाइलवर त्याचं स्वतःचं गिटार वाजत होतं आणि त्याची तारीफ मेलेल्या दोस्ताच्या नावावर करणं, की दोस्ताची तारीफ त्यानं न वाजवलेल्या सुरांवर करणं, त्याला काय जास्त झोंबलं कुणास ठाऊक. त्यानं हात जोडले.

"माय, हे त्यानं न्हाई वाजवलं. हे मी वाजवलंय."

गाणं संपेपर्यंत चालू राहिलं, कारण ते बंद करायचं मला सुचलं नाही. माय रागावली नाही, रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "मग मपलं लेकरू कुठं हाय ह्याच्यात?"

"असंल की. मागं कुठंतरी," भैया म्हणाला.

त्या दिवसापासून मायनं ना टेप लावला ना मोबाइल मागितला. भाकरी थापायच्या वेळी घरात फक्त थापण्याचा आवाज. एकदा मीच लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे. दुसऱ्याच्या लेकराचं कितीक ऐकायचं?" मला वाटलं, दादा तेव्हा एकदा गेला आणि आता पुन्हा गेला. फरक एवढाच की पहिल्या वेळी रडायला गाव आलं होतं. मी भैयाचा नंबर ब्लॉक केला. त्याच्या खरेपणाला माझ्या लेखी काडीची किंमत उरली नव्हती. म्हाताऱ्या बाईला शेवटची वर्षं सुखानं ऐकू दिली असती तर याच्या म्हशीचं कोणतं दूध आटलं असतं?

सुगी संपत आली तेव्हा एका रविवारी दुपारी तो एस.टी.नं आला. काखेत दुकानातला लाकडी खोक्याचा मोठा स्पीकर. मी दारातच उभी राहिले, आत या म्हटलं नाही. आतून माय म्हणाली, "कोण, भैया का? ये. जेवलास का?" माय तशीच आहे. माझ्यात तिचं काही उतरलं नाही.

तो मायच्या समोर खालीच बसला. म्हणाला, "माय, तव्हा मी अर्धंच सांगितलं. म्या लय शोधलं त्याला. गाण्यात सापडत न्हाई त्यो. मागं नुसता ठेका धरलाय त्यानं, आन् ढोलकी-पेटीनं त्याला पार झाकून टाकलंय. पर गाणं सुरू व्हायच्या आधी हाय."

"आधी काय हाय? आधी तर त्यो माइकवाला बडबडतोय," माय म्हणाली. खरं होतं. ते आम्ही नेहमी पुढं ढकलायचो.

भैयानं स्पीकर जोडला. निवेदक कुणाकुणाचे आभार मानत होता. कुणाचं तरी मूल रडत होतं. माइकजवळ कुणी खोकलं. भैयानं हात वर केला, "त्याच्या खाली ऐक, माय. बारीक गुणगुण यायलीय का?"

येत होती. इतकी वर्षं ती कॅसेटचीच घरघर समजून आम्ही सोडून दिली होती.

"लाईटीची हाय ती," माय म्हणाली.

"लाईटीचीच. पर एका कॉइलीचं गिटार ती धरतंय. माझ्या गिटारीत दोन हायेत, त्या एकमेकीची गुणगुण खातेत. स्टेजवर एका कॉइलीचं एकच गिटार होतं. ही त्याच्यातून यायलीय, माय. त्यो गिटार गळ्यात घालून उभा हाय. वाजवत न्हाई, नुसता उभा हाय."

मायनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. निवेदक बोलतच होता. आणि एकाएकी ती गुणगुण गेली.

"आता?" मायनं घाबरून विचारलं. "आता कुठं गेला?"

"कुठं न्हाई गेला. त्यानं तारांवर हात ठेवला. हात ठेवला की अंगातून अर्थिंग मिळती, गुणगुण बसती. ह्यो त्याचा हात हाय."

वर्गात पोरांना मी न रडता मोठमोठ्या गोष्टी सांगते. इथं ते जमलं नाही; मी आत येऊन मायच्या शेजारी बसले. मायनं पुन्हा लावायला सांगितलं. त्यानं मागं घेतलं. गुणगुण, आणि हात. पुन्हा. गुणगुण, आणि हात. तिसऱ्या वेळी माय म्हणाली, पुढं जाऊ दे. थोड्या वेळानं गुणगुण परत सुरू झाली.

"आता कामून उचलला हात?"

"काय सांगू, माय? घाम पुसला असंल."

"न्हाई," माय म्हणाली. तिचा उजवा हात आपोआप कपाळाकडे गेला होता. "केस मागं सारले त्यानं. लय केस यायचे त्याच्या डोळ्यावर. मी म्हणायची, काप."

स्पीकरमध्ये निवेदकानं गाण्याचं नाव घेतलं. ढोलकीवाल्यानं एक थाप मारून पाहिली. गुणगुण अजून चालूच होती. माय स्पीकरकडे वाकली आणि, जिवंत पोराशी बोलावं तशा आवाजात, म्हणाली, "ठेव बाबा आता हात. सगळे थांबलेत."

गुणगुण थांबली.

"हां," माय म्हणाली.